विमा-एजंटाची वही

जीं माणसें दारांत दिसतांच घरांतील कर्ता पुरुष मागच्या खोलींत जातो आणि मुलाकडून "बाबा बाहेर गेले आहेत" असें सांगवितो, त्यांत वर्गणी मागणारांच्या खालोखाल विमा-एजंटाचा क्रमांक लागतो. आमच्या विनोदी वाङ्मयानें तर या प्राण्यास कायमचें वेठीस धरिलें आहे. तो आगगाडींत भेटतो, लग्नाच्या पंक्तींत शेजारीं बसतो, आणि स्मशानांतून परततांना हलक्या आवाजांत तुमचें वय विचारतो. या थट्टेंत खोटें फारसें नाहीं. तथापि ज्या गृहस्थांनीं ही थट्टा मनसोक्त केली, त्यांतील पुष्कळांच्या पश्चात् त्यांचीं घरें चाललीं तीं अशाच एखाद्या चिकट माणसानें त्यांच्याकडून करून घेतलेल्या सहीवर, हेंही तितकेंच खरें आहे.

विमा ही वस्तु विकण्यास मोठी चमत्कारिक. कापड घेणारा तें अंगाशीं लावून पाहतो. दागिना घेणारी आरशासमोर उभी राहते. आयुर्विमा घेणारा मात्र, ज्या कारणासाठीं तो घेतला तें कारण घडतें तेव्हां, माल तपासण्यास या जगांतच नसतो. ज्यांनीं तो तपासावयाचा त्यांनीं तो निवडलेला नसतो, पुष्कळदां पाहिलेलाही नसतो. हा गिऱ्हाईक उद्यां परत येऊन माल तोंडावर फेकील, असा जो एक धाक प्रत्येक दुकानदारास असतो, तो या धंद्यांत जवळजवळ नाहीं. त्यामुळें येथें विकणाऱ्याच्या अंतःकरणावर जेवढें अवलंबून राहावें लागतें तेवढें दुसऱ्या व्यापारांत क्वचितच लागत असेल. आणि असें अंतःकरण शिकवून तयार करतां येतें काय, हा प्रश्न आम्हांस बरीच वर्षें सतावीत आला आहे.

हा धंदा आमच्याकडे आला तोच मुळीं अविश्वास बरोबर घेऊन. १८१८ सालीं कलकत्त्यास निघालेली ओरिएंटल लाइफ कंपनी मुख्यतः युरोपियनांसाठीं होती. पुढें ज्या कंपन्यांनीं हिंदी माणसाचा विमा उतरविला त्यांनीं त्याच्या आयुष्याचा भरंवसा कमी धरून त्याच्याकडून जादा हप्ता घेतला. १८७० सालीं मुंबईस बाँबे म्युच्युअल सोसायटी निघाली तेव्हां कोठें हिंदी आयुष्यास सर्वसाधारण दर मिळाला. आमच्या साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांनीं १९१३ सालीं वेस्टर्न इंडिया ही आयुर्विम्याची कंपनी काढिली. त्या काळच्या एजंटाचें काम आजच्याहून कठीण असलें पाहिजे. ज्या घरांत तिन्हीसांजा मरणाचें नांव काढणें अशुभ, तेथें ओटीवर बसून यजमानास "आपल्या मागें काय?" असें विचारावयाचें, आणि तेंही यजमानाची आई आंतून ऐकत असतां!

१९ जानेवारी १९५६ रोजीं अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनीं आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, आणि त्याच वर्षीं १ सप्टेंबरला २४५ कंपन्या व सोसायट्या एकत्र होऊन महामंडळ जन्मास आलें. ज्योतीभोंवतीं धरलेले दोन हात हें त्याचें चिन्ह, आणि बोधवाक्य गीतेच्या नवव्या अध्यायांतून घेतलेलें. त्या ठिकाणीं भगवंतानें भक्ताच्या योगक्षेमाचा भार आपल्या शिरावर घेतला आहे. भगवंताचें आश्वासन कागदावर छापणें सोपें होतें. तें पार पाडण्याचें काम मात्र तालुक्याच्या गांवीं सायकलीवरून हिंडणाऱ्या एका कमिशनवाल्या माणसावर येऊन पडलें. १९९९ च्या कायद्यानें खासगी कंपन्यांस पुन्हां दार उघडलें, आणि या माणसांची संख्या व घाई दोन्ही वाढलीं.

आतां या माणसास शिकवितात काय, तें पाहूं. आजच्या विक्रीशास्त्राचा मूलमंत्र उत्साह हा आहे. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं फ्रँक बेट्गर नांवाचा एक विमा विकणारा होऊन गेला. हा पूर्वाश्रमीं बेसबॉल खेळत असे, आणि अंगांत उत्साह नाहीं म्हणून एका संघांतून त्यास काढून टाकिलें होतें. पुढें उत्साहाचें सोंग आणतां आणतां खरा उत्साह अंगीं येतो असा त्यास शोध लागला, व १९४० नंतरच्या दशकांत त्यानें त्यावर एक पुस्तक लिहिलें. तें जगभरच्या विक्रेत्यांचें पाठ्यपुस्तक होऊन बसलें आहे. त्याच्या पुस्तकांत एक हिशेब आहे. आपल्या विक्रीपैकीं शेंकडा ७० पहिल्या भेटींत होते, २३ दुसऱ्या भेटींत, आणि उरलेल्या अवघ्या ७ साठीं आपला निम्मा वेळ जातो, असें त्यास टिपणवहीवरून आढळलें; तेव्हां त्यानें दुसरीनंतरच्या भेटी बंद केल्या. विकणाराच्या दृष्टीनें यांत चूक काढण्यास जागा नाहीं. १९२७ सालीं मेम्फिस येथें ३२ विमा-विक्रेत्यांनीं मिळून स्थापिलेलें 'मिलियन डॉलर राउंड टेबल' हें मंडळही आज आमच्या इकडील एजंटांच्या भेटपत्रिकांवर झळकतें. मानाची गोष्ट खरी. मात्र त्यांतील 'मिलियन' विकणाराच्या कामगिरीचे आहेत, गिऱ्हाइकाच्या घरीं काय पोंचलें त्याचे नव्हत.

अशा एका शिकवणी-वर्गास पाहुणे म्हणून बसण्याचा योग आम्हांस आला होता. एका हॉटेलाच्या तळघरांतील दालनांत साठ-सत्तर मुलेंमुली उभीं राहून टाळ्या वाजवीत होतीं. व्यासपीठावरील गृहस्थ "तुमचें स्वप्न काय?" असें विचारीत, आणि मुलें मोटारींचीं नांवें घेत. चार तासांत गिऱ्हाइकाचें नांव निघालें तें 'नकार' या प्रकरणाखालीं: त्याच्या नकाराचे किती प्रकार आणि प्रत्येकास कोणतें उत्तर. मराठींत उत्साह आणि तळमळ असे दोन निराळे शब्द आहेत. त्या दालनांत ते एकाच अर्थानें वापरले जात होते, आणि तें ऐकून आमच्या कानास ठेंच लागली. उत्साह आपल्या स्वतःच्या यशाचा असूं शकतो. तळमळ म्हटली कीं ती कोणासाठीं, हा प्रश्न पाठोपाठ येतोच.

दोष त्या व्यासपीठावरील गृहस्थांचाच आहे असें नाहीं. आंकडेही त्यांच्याच बाजूचे आहेत. दीर्घ मुदतीच्या बचत-विम्यावर कित्येक वर्षें एजंटास पहिल्या हप्त्याच्या शेंकडा ३५ पर्यंत, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षीं साडेसात, आणि पुढें पांच असें कमिशन मिळे. वर्षाचा हप्ता ५०,००० रुपये धरला तर पहिल्या वर्षीं १७,५००, मग ३,७५०, आणि मग २,५००. म्हणजे ज्या दिवशीं गिऱ्हाइकानें सही केली त्याच दिवशीं एजंटाचें पीक निघालें. आणि गिऱ्हाइकाची गरज तर वीस-वीस वर्षें पुढें! शिवाय ज्यांत बचत नाहीं, केवळ मृत्यूचाच विमा आहे, त्याचा हप्ता थोडा, म्हणून कमिशनही थोडें. तरुण संसारी माणसास अधिक उपयोगी हाच, पण तो सुचविणारा विरळा. २००० नंतर शेअर-बाजाराशीं बांधलेले यूलिप नांवाचे विमे आले. त्यांतील कित्येकांत पहिल्या हप्त्याचा मोठा भाग खर्चापोटींच कापला जाई, आणि तीन वर्षांत पैसे दुप्पट होतील असें सांगून ते विकले गेले. १ सप्टेंबर २०१० पासून सरकारी नियामकानें या खर्चास मर्यादा घातली व पैसे अडकण्याची मुदत तिनावरून पांच वर्षांवर नेली, तेव्हां तो पूर ओसरला. १ ऑक्टोबर २०२४ पासून पहिल्या वर्षानंतरच पॉलिसी सोडणारासही कांहीं रक्कम परत मिळूं लागली आहे. कायदा गिऱ्हाइकाच्या मागून धांवत असतो. पण तो नेहमीं एक पिढी मागें असतो.

आमच्या गांवीं एक वृद्ध विमा-एजंट आहेत. त्यांस सारे 'मास्तर' म्हणतात. शाळेंत त्यांनीं कधीं शिकविलें नाहीं. नव्यानें एजंट झालेलीं मुलें त्यांच्याबरोबर चार-सहा महिने हिंडावयास पाठविण्याचा प्रघात पडला आहे, त्यावरून हें नांव. त्यांच्या घरीं ना ढाल आहे ना सुवर्णपदक. आहे ती एक लांबट, कापडी पाठीची वही. तींत प्रत्येक विमेदारास एक ओळ: नांव, हप्त्याचा महिना, नॉमिनीचें नांव, राहण्याचा पत्ता, आणि शेवटीं 'घरांत नवें काय' असा एक रकाना. हप्त्याच्या महिन्यांत ते प्रत्येकाकडे एकदां जातात. हप्ता बँकेंतून परस्पर जात असला तरी जातात. मूल झालें, घर बदललें, कर्ज काढलें, घटस्फोट झाला, सारें त्या शेवटच्या रकान्यांत येतें. दुकानदाराकडे गेले म्हणजे ते १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याची गोष्ट काढतात: त्या कायद्याच्या सहाव्या कलमाखालीं पत्नी व मुलें यांच्या नांवें विमा उतरविला तर धंदा बुडाला तरी सावकारास त्या पैशांवर हात टाकतां येत नाहीं, मात्र तें प्रस्ताव भरतांनाच लिहावें लागतें. हें सांगितल्यानें मास्तरांच्या कमिशनांत एका पैशाची भर पडत नाहीं. उलट, अविवाहित आणि कोणीच अवलंबून नसलेल्या एका प्राध्यापकांस "तुम्हांस आयुर्विमा नको, आजारपणाचा घ्या" असें सांगून ते चहा पिऊन उठलेले आम्हीं पाहिले आहेत.

एका निवृत्त शिक्षिकाबाईंचें प्रकरण त्यांच्याकडे आलें तें कांहीं वर्षांपूर्वीं. बाईंची मुदतीची ठेव एका बँकेंत पुरी झाली. तेथील एक मुलगी बाईंस नेहमीं 'आजी' म्हणे, पासबुक भरून देई, पाणी आणून देई. तिनें "आजी, याहून चांगली ठेव आहे" म्हणून सह्या घेतल्या. घरीं आली ती विम्याची पॉलिसी. वर्षास एक लाख, असे दहा हप्ते. बाईंच्या निवृत्तिवेतनांत तो बसणें शक्य नव्हतें. मास्तरांनीं पाकिटावरील पोंचल्याची तारीख पाहिली आणि बोटांवर दिवस मोजले. न पटलेली पॉलिसी परत करण्यास त्या काळीं पंधरा दिवस मिळत (२०२४ पासून तीस मिळतात). बाईंचा तो अकरावा दिवस होता. अर्ज त्याच दुपारीं गेला, आणि मुद्रांक वगैरेंची किरकोळ वजावट होऊन पैसे परत आले. नंतर मास्तर त्या मुलीस भेटले. ती रागावली नाहीं. मार्च महिना होता, तिचें 'टार्गेट' तीन पॉलिस्यांनीं कमी पडत होतें, आणि रोज सायंकाळीं सहा वाजतां वरिष्ठांचा फोन येई. त्या मुलीस आम्ही दुष्ट म्हणणार नाहीं. तिची आपुलकी खरी होती. तिला शिकविणारांनीं त्या आपुलकीचा उपयोग कोठें करावयाचा तें शिकविलें, एवढेंच. आमच्या मतें या धंद्यांतील खोट्या गोडव्यापेक्षां हा खरा गोडवा अधिक भयंकर आहे, कारण खोटा ओळखूं तरी येतो.

मास्तरांची शिकविण्याची तऱ्हा जगावेगळी आहे. नवें मूल आलें म्हणजे ते त्यास विक्रीस नेत नाहींत. प्रथम दाव्याच्या घरीं नेतात, म्हणजे जेथें विमेदार वारला आहे तेथें. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडीं असा प्रसंग आला, तेव्हां त्या बाईंच्या सोबतीस आम्ही बसलों होतों. यजमान एस. टी. च्या आगारांत यांत्रिक, वय चव्वेचाळीस, रात्रपाळीहून आले, छातींत कळ आली आणि गेले. मुलगी सातवींत. पॉलिसी मास्तरांनीं विकलेली नव्हती. कपाटांतील लग्नपत्रिकांच्या खालीं ती सांपडली म्हणून त्यांस बोलाविलें. ते आले, बरोबर तेवीस-चोवीस वर्षांचा एक मुलगा, नवीन बूट घातलेला.

"काका, चहा टाकते," बाई म्हणाल्या.

"नको ताई. पाणी द्या, आणि तुम्ही बसा."

मास्तरांनीं कागद उलगडला, आणि नॉमिनीच्या नांवावर बोट ठेवून तो त्या मुलाकडे सरकविला. पॉलिसी लग्नाआधींची होती. नॉमिनी म्हणून यजमानांनीं आपल्या आईचें नांव दिलें होतें, आणि ती माउली चार वर्षांपूर्वींच निवर्तली होती. पुढें लग्न झालें, मुलगी झाली. नांव बदलून घेण्याचें कोणी सांगितलें नाहीं. नॉमिनी बदलण्यास एक साधा अर्ज पुरतो. आतां मात्र दिवाणी न्यायालयांतून वारसाचा दाखला आणावयाचा, वर्तमानपत्रांत नोटीस द्यावयाची, वकील करावयाचा.

"किती दिवस लागतील?" बाईंनीं विचारलें.

"महिने लागतील, ताई. पण पैसे तुमचेच आहेत. कोणी घाबरविलें तर माझ्याकडे पाठवा."

हप्ता पगारांतून कापला जात होता. त्यामुळें मूळ एजंटास या घराची पायरी चढण्याचें कारणच पडलें नव्हतें. त्याचें शेंकडा पांच मात्र दरवर्षीं बिनबोभाट त्याच्या खात्यावर जमा होत होतें. जिन्यांत उतरतांना त्या मुलानें मास्तरांस विचारलें, "यांत आपल्याला काय मिळणार?" त्याच्या विचारण्यांत लोभ नव्हता; त्यास खरोखरच समजून घ्यावयाचें होतें.

"कांहीं नाहीं," मास्तर म्हणाले. "सोमवारीं अकराला कोर्टांत ये. बाईंना सोबत कोणी नाहीं."

मास्तरांच्या या पद्धतीचें कौतुक करतांना तिची किंमतही सांगितली पाहिजे. त्यांच्याकडे आलेल्या मुलांपैकीं निम्म्याहून अधिक सहा महिन्यांच्या आंत निघून गेलीं. त्यांतील एकानें आमच्यादेखत त्यांस सांगितलें कीं, "मास्तर, तुमचें घर पूर्वींच बांधून झालें आहे, माझें भाडें पांच तारखेला द्यावें लागतें." या बोलण्यास मास्तरांनीं उत्तर दिलें नाहीं, आणि आमच्यापाशींही तें नाहीं. मागें लागल्यावांचून आयुर्विमा घेणारा मनुष्य आम्हीं तरी पाहिलेला नाहीं. तेव्हां एजंटाच्या अंगीं चिकाटी, वाणी, उत्साह हवाच, आणि पोट भरल्याशिवाय तो टिकत नाहीं. मग आम्ही गिऱ्हाइकें तरी या बाबतींत कितपत सोंवळीं आहों? सुशिक्षित गृहस्थ प्रस्तावावर सही करण्यापूर्वीं बारीक आवाजांत "पहिला हप्ता तुम्ही भरणार ना?" असें विचारतात. १९३८ च्या विमा-कायद्याच्या ४१ व्या कलमानें ही सूट देणें व घेणें दोन्ही मना आहे, हें त्यांतील वकिलांसही ठाऊक असतें. ज्यानें आपलें पहिल्या वर्षाचें कमिशन असें गिऱ्हाइकाच्या पदरांत टाकिलें, तो दुसऱ्या वर्षीं त्याच्या दारीं कशास जाईल? त्याची वाट पाहणारें नवें गिऱ्हाईक दुसऱ्या गल्लींत असतें. मास्तर सूट देत नाहींत. त्यामुळें आमच्याच ओळखीच्या तिघांनीं त्यांस सोडून स्वस्तांतला एजंट धरला.

तो नव्या बुटांचा मुलगा मात्र टिकला. बाईंबरोबर कोर्टांत त्याच्या सात खेपा झाल्या. दाखला मिळण्यास आठ महिने लागले. त्यानंतर दाव्याची रक्कम बाईंच्या खात्यावर आली, आणि मुलीची शाळा सुटली नाहीं. त्या वर्षीं त्या मुलाच्या पॉलिस्या थोड्याच झाल्या. महिन्याच्या बैठकींत जी यादी भिंतीवर लावतात तींत त्याचें नांव तळाशीं असे, व बैठकीहून परततांना तो आमच्या कट्ट्यावर न थांबतां खालीं मान घालून जाई.

गेल्या दिवाळीच्या सुमारास आम्ही मास्तरांकडे बसलों असतां तो आला. त्याच्या हातांत वही होती, मास्तरांच्या वहीसारखीच लांबट, पण नवी. त्यानें ती मास्तरांसमोर ठेविली. रकाने तेच होते. मात्र नॉमिनीच्या नांवाशेजारीं त्यानें एक अरुंद रकाना जास्त आंखला होता, आणि त्यावर लिहिलें होतें: 'हयात?' मास्तर बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनीं आपली जुनी वही काढली, पहिलें पान उघडलें, आणि आंत नातवास हांक मारून पट्टी मागितली.